नवरदेवाच्या नावाची जागा

माझी बायको रूपा वारल्यावर नातेवाईक म्हणाले, पोरीचं, श्रेयाचं लग्न वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. स्थळ मिळालं. मुलाचं नाव प्रणय, पुण्यात श्रेयाच्याच ऑफिसात आहे. मुलगा चांगला आहे, माझी काही तक्रार नाही. फक्त त्याचं नाव रूपाच्या आवाजात नव्हतं, आणि माझं सगळं तिथंच अडलं होतं.

नीट सांगतो. रूपा लग्नात मंगलाष्टका म्हणायची. आधी नात्यातल्या लग्नांत, मग बाहेरून बोलावणी यायला लागली, पार गंगापूरपर्यंत. सगळीकडं जाणं होईना, म्हणून तिनं पडेगावच्या आमच्या घरात मागच्या खोलीत कंप्यूटर आणि माईक घेतला आणि रेकॉर्ड करून द्यायला लागली. पेटी मी वाजवायचो. तिची एक पद्धत होती. आधी जोडीचा फोटो मागायची. मुलगा बघितल्याशिवाय त्याचं नाव घ्यायची नाही. “पोरगी कुणाच्या पदरात टाकतेय ते तरी बघू द्या,” म्हणायची.

आजारपणात तिनं श्रेयासाठीही करून ठेवल्या. तेव्हा लग्न ठरलेलं नव्हतं. “श्रेयाचा कर आज घेइ अपुल्या हातात” एवढं म्हणून ती थांबली आहे. पुढं नवरदेवाचं नाव यायचं. तिथं नुसती माझी पेटी वाजते. “ठरलं की नाव टाकते,” म्हणाली होती. ठरायच्या आधी गेली.

कंप्यूटर आता जुना झालाय. त्यातलं विंडोज कंपनीनं सांभाळायचं सोडलं आणि नवं विंडोज ह्या मशीनला चालत नाही. गाणं उघडलं की मशीन मधेच बंद पडतं. लग्नापर्यंत ते टिकेल असं वाटेना. म्हणून रविवारी श्रेया पुण्याहून आली आणि माझा मेहुणा सुदर्शनही आला. तो लग्नमंडपात साउंड लावायचं काम करतो.

“दाजी, हा डब्बा भंगारात द्या,” तो चहा फुंकत म्हणाला. “नवा घ्या, नवं विंडोज टाकलेला.”

“कशाला मामा?” श्रेया म्हणाली. “ह्याच्यावरच लिनक्स टाकू. फुकट आहे, हलकं आहे. आईचा माईक ज्या डबीला लागतो ना, ती नव्या विंडोजवर चालत नाही. लिनक्सवर चालते, मी बघून आलेय.”

“लिनक्स! आमच्या धंद्यात कुणी नावबी घेत नाय त्याचं.”

“तुमच्या धंद्यात अजून कॅसेटी लावतात, मामा.”

“लई बोलती पोरगी, दाजी. सासरी कसं व्हायचं हिचं?”

मी विचारलं, “लिनक्समध्ये आईचं गाणं उघडंल का?”

“तसंच्या तसं नाही, पप्पा. आधी इथून एक एक ट्रॅक वेगळा काढून घ्यावा लागेल. आईचा आवाज वेगळा, पेटी वेगळी. मग तिकडं परत जोडायचं.”

“आणि नव्या विंडोजवर काय होईल?” मी सुदर्शनला विचारलं.

त्यानं कप खाली ठेवला. “नाव होईल, दाजी. आता असं सॉफ्टवेअर आलंय, त्याला ताईच्या जुन्या मंगलाष्टका ऐकवल्या की ते ताईच्या आवाजात कायबी म्हणतं. पण त्याला दमदार मशीन लागतं. ह्या डब्ब्याचं काम नाय ते.”

मला ते पाहिजे होतं, खोटं कशाला सांगू. नवं मशीन घेतलं तर तिचा आवाज पुरा होणार होता. जुन्यावर लिनक्स टाकलं तर जागा रिकामीच राहणार होती.

काहीही ठरलं तरी ट्रॅक काढून घ्यावेच लागणार होते. श्रेया कामाला लागली. दोनदा मशीन बंद पडलं. तिसऱ्यांदा गाणं उघडल्यावर ती म्हणाली, “पप्पा, खाली अजून काही ट्रॅक आहेत. आईनं आवाज बंद करून ठेवलेत.”

तिनं पहिला लावला. रूपाचा आवाज आला, तेवढ्याच जागेत बसणारा. “शिवम.”

दुसरा लावला. “सत्यम.”

“अगं बाई!” श्रेया ओरडली. “पहिला तो करमाडचा शिवम! ज्यानं मला विचारलं होतं, भाकरी फुगते का!”

“फुगती का मग?” सुदर्शन म्हणाला.

“गप बसा मामा.”

“ताईनं नाव बघ केवढ्या मायेनं घेतलंय त्या भाकरीवाल्याचं. मला तर जन्मात अशी हाक मारली नाय.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाहुणे पोहे खाऊन गेले की रूपा मागच्या खोलीत जायची. मला वाटायचं दमली, पडायला गेली. ती तिथं आलेल्या मुलाचं नाव बसवून बघत होती. आलेलं प्रत्येक स्थळ तिथं होतं. आम्ही हसत एक एक ऐकत गेलो. शेवटच्या ट्रॅकमध्ये तिचा आवाज अगदी बारीक झालेला. नाव अर्ध्यावर सोडून ती खोकली आणि म्हणाली, “नको. हा नको.”

पुढं काही नव्हतं. प्रणय त्यात नसणार हे मला माहीत होतं. तो तर ती गेल्यावर आला. तरी मी ट्रॅक संपेपर्यंत ऐकत बसलो.

सुदर्शननं खिशातून मोबाईल काढला. “दाजी, रागावू नका. एका दोस्ताच्या मशीनवर मी करून बघितलंय.” त्यानं बटण दाबलं.

“प्रणय,” रूपा म्हणाली.

श्रेयानं तोंडावर हात ठेवला. मी म्हणालो, “परत लाव.” त्यानं परत लावलं. मी आणखी एकदा लावायला सांगितलं. मग म्हणालो, “बंद कर.”

“का? चुकलंय काय?”

“नाय. आवाज तिचाच आहे. पण तिनं पोराला बघितलं नाय, सुदर्शन.”

“बघितलं असतं तर घेतलंच असतं की नाव.”

“घेतलं असतं. नायतर ‘हा नको’ म्हणाली असती. ते आपण तिच्या वतीनं कसं ठरवायचं?”

सुदर्शन खाली बघत म्हणाला, “मामा म्हणून पोरीच्या मागं मी उभा राहणार. वाटलं, वरून ताईचा आवाज पुरा यावा. मधेच तुटू नये.” त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

श्रेयानं सगळे ट्रॅक दुसऱ्या डिस्कवर काढून घेतले आणि मशीनवर लिनक्स टाकलं. संध्याकाळी माईकच्या डबीचा हिरवा दिवा लागला. तिनं आईचा आवाज आणि माझी पेटी परत जोडली आणि माईकसमोर बसली.

“मी म्हणते नाव.”

“येडी का?” सुदर्शन म्हणाला. “नवरीनं आपल्याच मंगलाष्टकेत नवऱ्याचं नाव घ्यायचं? बायका काय म्हणतील?”

“उखाण्यात घ्यायचंच आहे ना? थोडं आधी घेते.” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “मी बघितलंय त्याला, पप्पा.”

मी मान हलवली.

तिनं हेडफोन लावला. पहिल्या वेळी आईचं “हातात” संपलं आणि तिच्या तोंडून शब्दच निघेना. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्यांदा ती रडली आणि उठून पाणी पिऊन आली. त्यानंतर म्हणाली. सुरात जरा खाली होतं, पण म्हणाली.

सुदर्शन पुढं सरकला. “ताईच्या आवाजाला जुळवून देतो. सांधा कळणारबी नाय.”

“कळू दे,” मी म्हणालो.

श्रेयानं हेडफोन मला दिला. “हातात”पाशी रूपा संपते आणि तिथून श्रेया सुरू होते. सांधा स्पष्ट कळतो.

“कसं झालंय, पप्पा?”

“चांगलं झालंय,” मी म्हणालो. तेवढ्यात पुढची ओळ आली, ती परत रूपाची. मला हेडफोन काढता येईना.