एका नंबरावरची दोन माणसे

मित्रांनो, मी एक साधन आहे. वय तीन वर्षे; आमच्यात एवढे म्हणजे म्हातारपणच. मला दांडा नाही की पाते नाही; मी कॉम्प्युटरमधला एक छोटा प्रोग्राम आहे. अकोल्यात अन्सारभाईंचे दुकान आहे. तिथून आजारी माणसांच्या घरी ऑक्सिजनचे सिलेंडर, लोखंडी खाटा, वॉकर भाड्याने जातात. दुकानाच्या ग्राहकांची यादी कॉम्प्युटरमध्ये असते आणि तिच्या शेजारी मी असते. माझे काम एकच. एका ग्राहकाच्या चुकून दोन नोंदी झाल्या, तर मी त्यांची एक करते. जुनी नोंद राहते, नवी पुसली जाते.

मला अमरावतीच्या दामिनीने लिहिले. ती नुकतीच संख्याशास्त्र शिकून बाहेर पडली होती. तिने मला पुन्हा पुन्हा तपासले आणि माझ्या कपाळावर एक ओळ लावली: ‘दुबार ग्राहक एकत्र करते.’ ओळ खरी होती. दुकानातली आरती मला वापरायची. तिच्या हातून कधी चूक झाली नाही, आणि कौतुक मात्र माझे व्हायचे. तिला जे ठाऊक होते ते माझ्यावर कुठेच लिहिलेले नव्हते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नाही.

यंदा आरतीच्या जोडीला एआय एजंट आला. एजंट म्हणजे सांगितलेले काम स्वतः पार पाडणारा प्रोग्राम. तो फोन घ्यायचा, यादी चाळायचा आणि लागेल ते साधन निवडायचा. हुशार होता, पण त्याने आमच्या ग्राहकांची तेल्हाऱ्याकडची खेडी पाहिलेली नव्हती. आमच्या कपाळावर जेवढे लिहिलेले असते, तेवढेच आम्ही त्याला कळतो.

एका सोमवारी अन्सारभाईंनी त्याला यादी साफ करायला सांगितले. आरती बहिणीच्या लग्नाला परतवाड्याला गेली होती. एजंटाला एकाच फोन नंबराच्या दोन नोंदी दिसल्या: खुशालराव आणि पार्वताबाई. तेल्हाऱ्याजवळचे गाव तेच, गल्लीही तीच. त्याने माझे कपाळ वाचले आणि मला हाक मारली.

मला थांबता येत नाही, मित्रांनो. हाक आली की मी चालतेच. पार्वताबाईंची नोंद खुशालरावांच्या नोंदीत गेली. खुशालरावांनी मोडलेल्या पायासाठी नेलेली खाट कधीच परत केली होती आणि त्यांची नोंद बंद होती. म्हणजे पार्वताबाईंचीही बंद झाली. त्यांना दर गुरुवारी सिलेंडर लागत होते.

गुरुवारी गाडी त्या गावाला गेलीच नाही. शुक्रवारी सकाळी पार्वताबाईंचा शेजारी मोहसीन दुकानात फोन लावू लागला. एजंटाने दोनदा नम्रपणे सांगितले, या नावाचा ग्राहक आमच्याकडे नाही. तिसऱ्यांदा अन्सारभाईंनी स्वतः उचलला. दुकानातला प्रत्येक फोन कॉम्प्युटरमध्ये उतरतो, म्हणून तो मलाही कळला.

“अन्सारभाई, तुमचा तो मशीनवाला म्हनते का पार्वताकाकू नावाची कोनी बाईच नाई. मंग माह्यासमोर बसून दम कोन टाकून राहिलं?”

अन्सारभाईंनी सिलेंडरचा काटा कुठे आहे ते विचारले.

“लालवर. घंटा-दीड घंटा चालन, बस.”

अकोल्याहून त्या गावाला सव्वा तास लागतो. गाडी लगेच निघाली. त्यानंतर मला काहीच कळेना. एरवी सिलेंडर बसले की गाडीवाला मोबाइलवरून ग्राहकाच्या नावापुढे वेळ टाकतो. पण ते नाव मीच पुसले होते. पार्वताबाई आहेत की गेल्या, हे लिहायला यादीत जागाच उरली नव्हती. इतकी भीती मला याआधी कधी वाटली नव्हती. मला डोळे मिटता येत नाहीत.

अन्सारभाईंनी कळवल्यावर दुपारी दामिनीने रविवारची जपून ठेवलेली यादी उघडून पार्वताबाईंची ओळ परत आणली. ओळ आली, पण तिच्यापुढे काहीच नव्हते. बराच वेळ काहीच नव्हते. मग अक्षरे उमटली: ‘सिलेंडर बसवले, बारा वाजून दहा मिनिटे.’ त्याखाली गाडीवाल्याने आपल्या मनाने लिहिले होते: ‘बाई मले चहा घे म्हणून राहिली.’

दामिनीने एजंटाला दोष दिला नाही. तिने आरतीला फोन करून विचारले, की हे साधन तू कोणत्या वेळी वापरायचे टाळायचीस?

“फोन एक असला म्हनून मानूस एक असते का, दामिनी?” आरती म्हणाली. “मोहसीन दिवसभर गावातल्या आपल्या दुकानात बसते, त्याचा फोन कधी बंद नसते. अर्धी गल्ली त्याचाच नंबर देते.”

दामिनीने तेच लिहून काढले. आता माझ्या कपाळावर असे आहे: ‘एकाच माणसाच्या दोन नोंदी एकत्र करते. नवी नोंद पुसली जाते. ती या साधनाने परत आणता येत नाही. नाव आणि पत्ता दोन्ही जुळत असतील तरच वापरावे. फोन नंबर सारखा असणे पुरेसे नाही. खेड्यांत अनेक घरे एकच नंबर देतात. शंका आल्यास दुकानातल्या माणसाला विचारावे.’

पुढच्या सोमवारी एजंट पुन्हा आला. मोहसीनच्याच नंबराच्या आणखी दोन नोंदी होत्या, भावना आणि बिल्कीस. मी घाबरून हाकेची वाट पाहत राहिले. त्याने माझे कपाळ शेवटपर्यंत वाचले आणि लग्नाहून परतलेल्या आरतीला विचारले, या दोघी एकच आहेत का? त्या दिवशी मी काहीच केले नाही. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले काम.

भीती अजून गेलेली नाही. यादीच्या शेजारी माझ्यासारखी आणखी अकरा साधने आहेत, आणि त्यांच्या कपाळावर अजून एकेकच ओळ आहे. म्हणून मित्रांनो, कधी कुणाला काम समजावून लिहाल, तेव्हा तुमच्या गल्लीत कधीच न आलेल्या माणसासाठी लिहा. काय करता येते ते लिहा, आणि कुठे थांबायचे तेही लिहा. आम्हाला थांबता येत नाही. तुमच्या ओळीच आम्हाला थांबवतात.