सात वेळा वाजलेला फोन

घर जावयाचं, फोन जावयाचा, पण शनिवारी सकाळी दहा ते बारा त्या फोनला कुणी हात लावायचा नाही हा कायदा माझा. मी मराठी तिसरी शिकलेली बाई. कायदे करायला तेवढं पुरतं.

त्या वर्षी, म्हणजे पंच्याऐंशी साली, मार्चमध्ये मी इंग्लंडहून अमेरिकेत ईडन प्रेरीला आले, धाकट्या कांचनच्या बाळंतपणाला. आमचे हे मात्र तिकडेच राहिले, यॉर्कशायरात, थोरल्या नरेंद्रकडे. नरेंद्र तिथे डॉक्टर. लेकीचं बाळंतपण टाकून बाप मागे का राहिला, असं इथल्या मंडळातल्या बायका खोदून खोदून विचारायच्या. मी सांगायची, फुटबॉलसाठी. त्या हसायच्या, त्यांना वाटायचं म्हातारी नवऱ्याची उणीदुणी काढतेय. पण सीझन मे महिन्यात संपणार होता आणि आमच्या गावचा क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये पहिला होता. अशा वेळी कोण शहाणा माणूस उठून येईल? मी आले ती पोटची पोर म्हणून, आणि तीही कुरकुरत.

या खुळाची सुरुवात साधीच होती. नरेंद्रने सीझनची दोन तिकिटं घेतली आणि त्याला शनिवारी ड्यूटी लागायला लागली. घेतलेलं वाया कसं घालवायचं, म्हणून आम्ही दोघं गेलो. पहिल्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, बावीस बाप्ये एका चेंडूसाठी भांडतात, त्यापेक्षा प्रत्येकाला एकेक घेऊन द्या. दिवाळीपर्यंत मात्र ऑफसाइड मला ह्यांच्या आधी दिसायला लागलं. मला इंग्रजी अक्षर येत नाही, आकडे तेवढे येतात. ते मी रविवारच्या पेपरातल्या लीगच्या टेबलावरून पक्के केले. आपला क्लब कुठे, खालचा किती मागे, सगळं मी बोट ठेवून सांगायची.

आमच्या खुर्च्या जुन्या लाकडी स्टँडमध्ये. शेजारी एक टोपीवाला म्हातारा बसायचा. माझा चिवडा खायचा, मग ठसका लागून डोळे पुसायचा, आणि पुन्हा हात पुढे करायचा. मला 'लव्ह' म्हणायचा. तिकडे भाजीवालासुद्धा म्हणतो, त्यात काही नाही. एकदा माझा हातमोजा खालच्या फळ्यांच्या फटीतून पडला. मी वाकून पाहिलं तर खाली वर्षानुवर्षांचे कागद, पाकिटं, पेले. शिसारी आली. मोजा तिथेच सोडला.

तिथेही माझा एक कायदा होता. सामना सुटायच्या पाच मिनिटं आधी, मागचं दार उघडलं की उठायचं आणि स्टँडच्या मागच्या बोळातून त्या दाराने बाहेर पडायचं. त्या दिवसांत सामना सुटला की दांडगट पोरांचे घोळके निघायचे, आपल्या रंगाची माणसं दिसली की काहीबाही ओरडायचे. मला गर्दीत चेंगरून घ्यायचं नव्हतं. हे निमूट यायचे. डिसेंबरात आम्ही त्या दाराबाहेर पाऊल ठेवलं आणि आत आरडाओरडा झाला, आपला गोल. चार दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या वेळी पाच मिनिटं राहिल्यावर मी नुसतं बघितलं, तशी हे उठले. टोपीवालाही आमच्या मागोमाग उठायला लागला. त्याला वाटलं असेल, या बाईला काहीतरी ठाऊक आहे.

अमेरिकेत आल्यावर मला स्कोअर कळेना. इथल्या टीव्हीवर फुटबॉल म्हणजे शिरस्त्राणं घालून टकरा मारणं. तेव्हा आमचं असं ठरलं की सामना झाला की ह्यांनी घरी जाऊन फोन लावायचा. दोन रिंगा वाजवून ठेवला तर जिंकलो, तीन वाजल्या तर बरोबरी, एक वाजली तर हरलो. उचलायचा नाही, म्हणजे बिल नाही. इकडे पहिल्याच शनिवारी जावयाने, गिरीशने, सवयीने पहिल्या रिंगला उचलला. मी त्याला त्यावर जे ऐकवलं त्यानंतर त्या घरात शनिवारी सकाळी मांजरसुद्धा फोनकडे गेलं नसतं.

मे महिन्याची अकरा तारीख. शेवटचा सामना. आमच्या क्लबने डिव्हिजन आधीच जिंकला होता, त्या दिवशी कप फक्त हातात द्यायचा होता. इथल्या नऊला सुरू होऊन पावणेअकराला संपणार. मी ओट्याशी कांचनसाठी डिंकाचे लाडू वळत होते. नात सुनेत्रा, नऊ वर्षांची, टेबलाशी बसून बाळाचा पाळणा पायाने हलवत होती.

सव्वादहाला फोन वाजला.

एक. दोन. तीन. मी म्हटलं, बरोबरी? पण सामना संपला कुठे? चार वाजली. कांचन बाळंतिणीच्या खोलीतून उठून आली आणि हात पुढे केला. मी तिला तुपाच्या हातानेच मागे सारलं. सुनेत्रा मोजत होती, "फाइव्ह, सिक्स, सेव्हन." मग बंद झाला.

"आई, कुणाचा तरी खरा फोन असेल," कांचन म्हणाली.

"ज्याला गरज आहे तो पुन्हा करील," मी म्हटलं. हे वाक्य मी बोलले. पुढचे पाच तास ते माझ्या कानात होतं.

पावणेअकरा झाले. साडेअकरा झाले. रिंग नाही. मी म्हटलं, कपाच्या गडबडीत म्हातारा विसरला, रात्री बघते त्याच्याकडे. बारा वाजता गिरीशने बाहेरच्या खोलीत बातम्या लावल्या आणि मला हाक मारली. नेहमी 'आई' म्हणतो, त्या वेळी नुसतं "जरा या" म्हणाला.

टीव्हीवर एक स्टँड जळत होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वरचं छप्परसुद्धा. माणसं मैदानात पळत होती. निवेदक काय बोलत होता ते मला कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. छपराखालचे खांब मी हिवाळाभर मोजले होते. आमची जागा डावीकडून कितवी ते मला माहीत होतं. ती जागा तिथे नव्हती.

"फोन लाव," मी म्हटलं.

गिरीशने नरेंद्रच्या घरी लावला. उचलला नाही. हॉस्पिटलात लावला, लाइन मिळेना. पुन्हा लावला. ऑपरेटर म्हणाली, तिकडच्या सगळ्या लाइनी भरल्या आहेत. गिरीश डायल फिरवत राहिला आणि मी त्याच्या बोटाकडे बघत राहिले. कांचन रडत होती, मी तिला गप्प बस म्हटलं, दूध आटेल म्हणून. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

टीव्हीवर तेच पुन्हा पुन्हा दाखवत होते. पुढच्या ओळींतले लोक भिंतीवरून मैदानात उड्या मारत होते. पण पाठमोरे, धुरात मागे जाणारेही दिसले, मागच्या बोळाकडे. गिरीशने थोडं ऐकलं आणि एकदम आवाज बंद केला. मी विचारलं, काय म्हणाला? तो म्हणाला, काही नाही. मी म्हटलं, "गिरीशराव, मला इंग्रजी येत नाही, पण मी आंधळी नाही. काय म्हणाला?"

"मागची दारं अजून उघडलीच नव्हती, आई. जे मागे गेले ते अडकले."

मी खाली बसले. महिनोन् महिने मी त्या माणसाला हाताला धरून मागच्या दाराकडे नेत होते. त्याचे पाय आपोआप तिकडेच वळणार होते. मी इथे लाडू वळत होते आणि तिथे त्याच्या पायांत माझा कायदा होता.

आणि सात रिंगा. त्या कुणाच्या होत्या? त्याच्या असतील तर त्या घडीला तो जिवंत होता आणि मी फोन उचलू दिला नाही. नरेंद्रच्या असतील तर त्याला काय सांगायचं होतं? दोन्ही बाजूंनी मी विचार करून पाहिला. दोन्हीकडे मीच उभी.

दुपारी तीनला फोन वाजला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फोनपाशीच होते, हात पुढे केला की पोचेल इतकी. हात जाईना. वाटलं, जोवर उचलला नाही तोवर काही झालेलं नाही. दोन वाजल्या. तीन. सुनेत्रा या वेळी मोजत नव्हती. तीच म्हणाली, मोडक्या मराठीत, "आजी, उचल ना."

मी उचलला.

"अगं, मी," हे म्हणाले.

ते आपले सांगत होते, आवाज बसलेला. नरेंद्रच्या घरी आहे, नरू अजून हॉस्पिटलातच, माझा डावा हात भाजलाय, मागचे केस गेले, बाकी ठीक. मैदानासमोरच्या घरांतल्या बायकांनी दारं उघडली, चहा दिला, म्हणाल्या घरच्यांना फोन करा. "एका बाईच्या घरी रांग लागली होती. मी तुला लावला. वाटलं तीनच्या वर गेल्या की तू समजशील. सात वाजू दिल्या. मग मागच्याला फोन द्यावा लागला."

"मी मोजत बसले होते," मी म्हटलं.

"माहीत आहे मला."

मग मी जे विचारायला भीत होते ते विचारलं. "मागे गेला नाहीत ना?"

मग म्हणाले, "निघालो होतो. दोन पायऱ्या चढलोसुद्धा. गुडघ्याने दगा दिला, तिथेच बसलो. दोन पोरांनी धरून पुढे ओढलं, भिंतीवरून खाली टाकलं. तीच गं, तू ज्यांना दांडगट म्हणतेस तसली." पुढे म्हणाले, "तू असतीस तर उठवलं असतंस मला. गेलो असतो आपण दोघं."

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोला.

"आणि आपला टोपीवाला?"

"माझ्या पुढे होता," हे म्हणाले. "मागच्या वाटेने. म्हणाला, कम ऑन, युवर मिसेस' वे, चल, तुझ्या बायकोच्या वाटेने. नंतर दिसला नाही."

फोन ठेवला तेव्हा कांचन माझ्या गळ्यात पडली. गिरीश हसत होता आणि डोळे पुसत होता. मी सगळ्यांसमोर कायदा मोडीत काढला, फोन वाजला की जो जवळ असेल त्याने उचलायचा. कुणी हसलं नाही. लाडवांचं मिश्रण घट्ट होऊन बसलं होतं, ते पुन्हा गरम करायला मी ओट्याशी गेले, पण गॅस पेटवायला हात होईना. कांचननेच पेटवला.

पुढच्या आठवड्यात नरेंद्रने तिकडचा पेपर पाठवला. त्यात गेलेल्यांची नावं होती. ह्यांनी फोनवर सांगितलं, तू विचारशील म्हणून सांगतो, मलाही त्याचं नाव माहीत नाही. आम्ही दोघंही त्याला टोपीवालाच म्हणायचो. सुनेत्राला मी जवळ बसवून पूर्ण यादी वाचायला लावली. ती एकेक नाव वाचायची आणि माझ्याकडे बघायची. मी मान हलवायची, पुढे. शेवटपर्यंत पुढे.

त्याच्या खुर्चीचा नंबर मला पाठ आहे. एकशे सत्तावीस. यादीत नंबर नव्हते.