गळका हौद आणि आत्याचा खुबा

मित्रांनो, हौद म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे जमिनीत खणलेला, दगडांनी बांधलेला हौद येईल. मी तसा नाही. मी जमिनीवर उभा असलेला, पोहण्याचा एक जुना गोल हौद आहे. छातीइतकी उंच पत्र्याची भिंत, तिला बाहेरून धरून ठेवणारे चौदा खांब, आत निळे प्लास्टिकचे अस्तर आणि पोटाखाली वाळूची गादी, एवढाच माझा संसार. पाणी नसले की मी नुसता एक मोठा डबा. पाणी भरले की माझ्यात आभाळ उतरते.

कारखान्यातून मी गुंडाळी होऊन आलो. बस चालवणाऱ्या बाबांनी दोन सुट्ट्या घालवून मागच्या अंगणातली जमीन सपाट केली. आई शिवणकाम करायची. खडा राहिला तर अस्तराला टोचेल, म्हणून तिने सगळी वाळू चाळून घेतली. मग बाबांनी मला उभे केले. त्यांच्या मुलीला घरात मासोळी म्हणत. तिने माझ्यात पहिली उडी मारली तेव्हा निम्मे पाणी बाहेर आणि निम्मे बाबांच्या अंगावर.

काय दिवस होते ते! शेजारची मुले कुंपणावरून टॉवेल आधी फेकायची, मग स्वतः यायची. पाहुणे म्हणायचे, "हौद असावा तर असा." मी मनातल्या मनात फुगायचो. पण माणसांची मुले मोठी होतात, हौद तेवढाच राहतो. मासोळी शिकायला दूर गेली. माझ्यावर झाकण पडले. झाकणावर पाने पडली. माझ्या भिंतीत पाणी गाळणारी गाळणी बसवलेली आहे, तिच्या तोंडाशी एक रबरी कडे असते, ते दरवर्षी बदलायचे असते. ते कुणी बदलले नाही. तिथून थेंब थेंब झिरपू लागले आणि त्या बाजूचे गवत हिरवेगार झाले.

"इथलंच गवत एवढं कसं वाढलं?" आईने एकदा विचारले.

"वाढतंय तर वाढू दे," बाबा म्हणाले. "तक्रार कसली त्यात?"

मग आत्या आली. ती बाबांची थोरली बहीण. जन्मभर टपाल कचेरीत उभी राहून शिक्के मारले तिने. पडली, खुब्याचे हाड मोडले, डॉक्टरांनी नवा खुबा बसवला. म्हणाले, "तीन महिने पाण्यात चाला. तोवर जेवढं चालता येईल तेवढंच पुढं राहील." आत्याच्या स्वतःच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर आणि तिथे लिफ्ट नाही. पाय चालला तर आपले घर, नाही तर भावाच्या घरी कायमचे. भाऊ प्रेमळ होता, पण आपले घर ते आपले घर.

बाबांनी कठडा लावून रुंद लाकडी पायऱ्या केल्या. माझे झाकण निघाले. जमिनीवर काठीवाचून न हलणारी आत्या पाण्यात शिरली की कुठल्या कुठे हलकी व्हायची. काठ धरून फेऱ्या घालायची आणि स्वतःशीच गुणगुणायची:

एक पाऊल पाण्यात,
दुसरं माझ्या ध्यानात,
तिसरं टाकते जपून,
चौथं हसतंय लपून.

तीन आठवडे असे गेले. मग माझे पाणी रोज चार बोटे उतरू लागले. मित्रांनो, मला लाज वाटली. ज्या दिवसांत हवा होतो, त्याच दिवसांत मी गळत होतो.

बाबांनी मिस्त्रींना बोलावले. आणि पाहुणा येणार म्हणून घर आवरावे, तसे आदल्या दिवशी मला पूर्ण रिकामे करून घासून-पुसून ठेवले. दिवसभर मी उन्हात कोरडा पडलो.

मिस्त्रींनी डोकावून पाहिले आणि कपाळाला हात लावला. "साहेब, पाणी कुठंय?"

"घाण होतं. म्हटलं, तुम्हाला कसं दाखवायचं?"

"अहो, पाण्यात रंगाचा थेंब सोडतो मी. तो जिकडे ओढला जाईल तिकडे भोक. आता कशात सोडू, तुमच्या चहात? आणि हे बघा, जुनं अस्तर एकदा सुकलं की आखडतं. तळाशी उसवलंय. हे गेलं."

बाबा खाली बसले. "चांगलं करायला गेलो हो."

"मग हौदच नवा घेऊन टाकू," ते उठत म्हणाले.

"घ्या की. दीड महिना लागेल यायला. वर जमीन पुन्हा सपाट करायची."

आत्या खुर्चीत बसून ऐकत होती. दीड महिना म्हणजे तिच्या उरलेल्या दिवसांतले निम्म्याहून जास्त. तिने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"ते गवत बघा जरा," आई एकदम म्हणाली. "तिथं कायम ओल असते."

मिस्त्री गुडघे टेकून बसले. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने भिंत ठोकत सबंध गोल फिरले. टण, टण, टण. गाळणीखाली आले आणि आवाज आला, थप. टोक टेकवताच आत गेले.

"तळहाताएवढा पत्रा सडलाय. बाकी अंग ठणठणीत. एवढं कापून ठिगळ मारतो, गाळणीचं कडं आणि अस्तर नवं घालतो. चार दिवसांत पाणी. पण साहेब, चार-पाच वर्षं चालेल, जन्मभर नाही."

"म्हणजे परत तेच," बाबा म्हणाले.

"कोटाचं अस्तर फाटलं म्हणून मी कधी गिऱ्हाइकाला नवा कोट घ्या म्हटलंय का?" आई म्हणाली.

बाबा आत्याकडे वळले. "ताई, तूच सांग."

"माझं काय विचारतोस? मी पडले तेव्हा डॉक्टरांनी खुबा बदलला. मला बदललं नाही."

मिस्त्री आधी हसले, मग बाबा.

पाचव्या दिवशी नव्या अस्तरात पाणी चढले. आत्या दोन्ही वेळा येऊ लागली, बुडालेले दिवस भरून काढायला. एका सकाळी तिने काठ सोडला आणि मधोमध चालत पलीकडे गेली. माझ्यात एक लाटसुद्धा उठली नाही, इतकी हळू.

तीन महिने झाले आणि ती आपल्या घरी परत गेली. संध्याकाळी बाबा माझ्या काठावर कोपर टेकून उभे असताना फोन आला.

"पोचले रे. वर आहे. दोनदा थांबले, पण कुणाचा हात धरला नाही."

बाबांनी मोकळा हात पाण्यात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मित्रांनो, चार-पाच वर्षांनी मी जाईन, त्याचे मला वाईट वाटत नाही. एवढेच मागतो. घरातले जुने काही कुरकुरू लागले, तर टाकायचे की ठेवायचे हे उभ्या उभ्या ठरवू नका. आधी जवळ बसा, ठोकून बघा. सडलेले किती आणि ठणठणीत किती, ते कानाला कळते.