आखूड पायाची खुर्ची

मित्रांनो, आधी निकाल सांगून टाकते. त्या मोठ्या परिषदेत पाण्याचं कलम वाचलंच गेलं नाही, कारण ते माझ्या पायाखाली होतं. झालं सांगून. आता असं धरून चाला की मी हे बोललेच नाही. परिषदेच्या अहवालातही तसंच धरलेलं आहे.

मी एक जुनी खुर्ची आहे. खुर्ची म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लगेच मंत्री आले असतील. माझ्यावर पहिली काही वर्षं कांद्याचं पोतं बसत असे. मला घडवणाऱ्या सुताराने तीन पाय अगदी मापात केले. चौथ्याच्या वेळी त्याचा मेहुणा आला. मेहुणा गेला तेव्हा पाय तयार होता आणि नखभर आखूड होता. सुतार म्हणाला, "असू दे. जमीन कुठे सरळ असते? कुठेतरी बसेलच."

ती जमीन मला कधी सापडली नाही. परिषदेच्या इमारतीतल्या उपाहारगृहात मी येऊन पडले. तिथल्या मावशी मला 'डुगडुगी' म्हणत. कोणी फार वेळ रेंगाळलं की त्या सांगत, "त्याला डुगडुगीवर बसवा गं, आपोआप उठेल." हे माझं पहिलं सरकारी काम.

वरच्या सभागृहात एक भलंमोठं गोल टेबल होतं. त्याभोवती श्रीमंत देश बसत आणि जगाचं काय करायचं ते ठरवत. ज्यांचं काय करायचं ते ठरायचं, ते देश भिंतीलगतच्या बाकावर बसत. त्या बाकावरची दोघं चहाला नेहमी खाली येत. एक होत्या एका मोठ्या पण गरीब देशाच्या बाई. दुसरे एका एवढ्याशा बेटाचे मास्तर. बेटावर माणसंच कमी, म्हणून शाळाही तेच शिकवत आणि राजदूतही तेच. त्यांच्या विहिरींत समुद्र शिरला होता. निघताना ते आमच्याकडचं पाणी बाटलीत भरून घेत.

बाई माझ्यावर डुगडुगत चिडवायच्या, "मास्तर, परिषदेतून निदान एवढं तरी हाती लागतं म्हणायचं!"

"तुम्ही त्या टेबलाशी बसाल ना, तेव्हा बाटली घरी ठेवून येईन," मास्तर म्हणायचे.

पुढे बाईंच्या देशाचे दिवस पालटले. कारखाने उभे राहिले, बंदरं गजबजली. संकटात हात पसरणारा देश संकटात औषधं पाठवू लागला. श्रीमंत देशांच्या लक्षात आलं की आपल्या घरातला पंखाही यांचाच आणि तो दुरुस्त करणाराही यांचाच. मग आमंत्रण गेलं: या, टेबलाशी बसा. आमंत्रणाला मंजुरी मिळाली. खुर्चीला मिळाली नाही, कारण ते खातं वेगळं. शेवटी शिपाईकाकांनी मला खांद्यावर टाकून वर नेलं आणि पांढरा अभ्रा चढवला.

बाई टेबलाशी येताच मास्तरांनी त्यांच्या हातात एक कागद दिला. "आपलं पाण्याचं कलम. बेटांना खाऱ्याचं गोडं करणारी यंत्रं सगळ्यांनी मिळून द्यावीत, एवढंच. दोन वाक्यं आहेत. आम्ही भिंतीपासून बोललेलं कोणी लिहून घेत नाही."

"मास्तर, हे काय सांगायला हवं? सगळ्यात आधी तेच वाचते."

बाई बसल्या. मी केलं, डुग. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. बाईंनी नुसता श्वास घेतला, तरी डुग. शेजारच्या पाहुण्याने हळूच विचारलं, "भूकंप आहे का हो?" बाईंचे कान लाल झाले. इतक्या वर्षांनी मिळालेली जागा, आणि ती अशी! त्यांनी हातातल्या कागदाची घडीवर घडी घातली, वाकल्या आणि तो माझ्या चौथ्या पायाखाली सरकवला. "आत्तापुरता हं," त्या पुटपुटल्या. बहुधा मलाच.

मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मी चारही पायांवर उभी होते. ती वेळ शरमेची होती. मला वाटला अभिमान.

बाईंची बोलायची वेळ आली. त्या खाली वाकू लागल्या. सगळे कॅमेरे त्यांच्याबरोबर वाकले.

"काही पडलंय का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही, नाही. काही नाही."

दोनच वाक्यं होती, तोंडी सांगता आली असती. पण ओशाळलेला माणूस आधी स्वतःला सावरतो. बाईंनी आपले कारखाने सांगितले, बंदरं सांगितली, आणि वेळ संपला. मी एकदा जरी डुगडुगले असते, तरी त्यांना आठवलं असतं. मी हलले नाही. टाळ्या मलाही ऐकू येत होत्या.

सभागृह रिकामं झाल्यावर बाईंनी कागद ओढून काढला. वर पाहिलं तर मास्तर उभे. कागदावर माझ्या पायाचा चौकोनी ठसा उमटला होता.

"मास्तर, पुढच्या वेळी नक्की..."

"असू द्या, बाई. तुम्हाला नीट बसता आलं ना? मग कागद अगदीच वाया नाही गेला." मास्तरांनी टेबलावरचा जग उचलला, बाईंच्या पुढ्यातलं पाणी आपल्या बाटलीत भरलं आणि झाकण घट्ट लावून ते निघून गेले.

अहवालात आलं, 'नव्या सदस्याने स्थिर भूमिका घेतली.' ती भूमिका म्हणजे मी. यथावकाश माझी मंजुरीही आली. मला चामड्याची गादी मिळाली आणि चौथ्या पायाला पितळी टोपी. बाई दर वर्षी माझ्यावर बसतात. बोलण्याआधी त्यांचा हात खाली जातो, चाचपतो आणि रिकामा वर येतो. भिंतीलगत आता मास्तरांची मुलगी बसते. तिची बाटली मोठी आहे.

मित्रांनो, कधी तुम्हालाही मोठ्या टेबलाशी जागा मिळेल. तेव्हा बसल्या बसल्या पायाखाली काय घातलंय ते बघा. बहुतेक वेळा ते कोणीतरी विश्वासाने हातात दिलेलं असतं.

माझ्यापुरतं म्हणाल, तर संबंधित खात्याकडे रीतसर अर्ज केला आहे: 'उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, अर्जदार खुर्चीच्या चौथ्या पायाची पितळी टोपी काढून सदर पाय पूर्ववत आखूड करून मिळावा, जेणेकरून बाईंच्या भाषणाच्या वेळी अर्जदारास डुगडुगता येईल. सदर कामी सुताराचा मेहुणा उपलब्ध झाल्यास अर्जदार आभारी राहील.'