ज्येष्ठमधाची चढाओढ

घड्याळजी सासऱ्यांचा खोकला हटेना, आणि घरात तीन वैद्य उभे राहिले.

सासूबाई म्हणत, "ज्येष्ठमधाची कांडी चघळावी, रस हळूहळू उतरतो." नणंद म्हणे, "कांडीत काय जीव! चूर्ण मधात कालवून चाटवावं." सून दोघींच्याही वरताण. मूठभर कांड्या ठेचून ती चार पेले पाण्याचा एक पेला करी.

"वहिनी, काढा आहे की डांबर?" नणंद हसली. सुनेला ते झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून ती काढा दोनदा देऊ लागली.

सासरे कुणालाच नाही म्हणत नसत. सकाळ-संध्याकाळ काढा, दुपारी चाटण, एरवी गालात कांडी. खोकला ओसरला. प्रत्येकीला वाटलं, गुण आपलाच!

पण तीन आठवड्यांत पाय सुजले, रक्तदाब चढला. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाची रोजची गोळी वाढवली आणि विचारलं, "आणखी काही औषध घेतात?"

"छे! औषध असं काहीच नाही," सून पटकन म्हणाली. घरच्या काढ्याला का औषध म्हणायचं? आणि बोलणी कोण खाणार?

चार दिवसांनी सासरे दुकानातल्या स्टुलावरून उठताना कोसळले. पायांत त्राणच उरलं नव्हतं.

दवाखान्यात रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. सुनेची मान खाली गेली. "काढा... दोन वेळा."

"चाटण मी देत होते," नणंद पुटपुटली.

"आणि कांडी माझी," सासूबाई म्हणाल्या. तिघी एकमेकींकडे बघेनात.

"अहो, ज्येष्ठमध फार झालं की रक्तदाब चढतो, अंगातलं पोटॅशियम उतरतं, मग पायांतलं बळ जातं! मी आपली गोळी वाढवत बसले. मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

खाटेवरून सासरेच बोलले, "पोरी, घड्याळाला तेल लागतंच. पण सुईच्या टोकावर राहील एवढंच. वाटीभर ओतलं तर तेच घड्याळ बंद पडतं. त्यात तेलाचा काय दोष? आणि मीही शहाणाच! कुणाचं मन मोडू नये म्हणून तिघींचं गिळत राहिलो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं सुनेला वाटलं!

ते बरे होऊन घरी आले त्या दिवशी ती काढ्याचं पातेलं घासत बसली. काळा थर निघता निघेना. लेक शेजारी येऊन बसली. "आई, आजोबांना काय झालं होतं गं?"

'वय झालं' हे शब्द जिभेवर आले होते. तिने ते गिळले.

"माझं चुकलं, बाळा. आणि चुकलं ते मी लपवलं."

पुढच्या तपासणीला तिने पर्स उघडून आधी एक कागद पुढे केला. कांडी, चूर्ण, काढा, किती, किती दिवस, सगळं तिघींच्या अक्षरात.

आपल्याही घरी असं एखादं पातेलं उकळत असेल. उकळू द्या, पण आधी डॉक्टरांना विचारा, आणि त्यांनी विचारलं तर सांगा. जे गुण देतं ते औषधच, मग ते घरचं का असेना. सांगताना लाज वाटते खरी. लपवल्याची लाज मात्र घासून निघत नाही!