पहिल्या चित्रात न दिसलेलं दुखणं

मित्रांनो, मला पाहताच माणसं बिचकतात आणि माझ्या पोटात शिरल्यावर तर देवाचा धावाच करतात. मी एक जुनं एमआरआय यंत्र आहे. उमेदीची वर्षं पुण्यात काढली. तिथं नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी धाराशिवला झाली. लोक म्हणाले, हे आता मोडीतच जाणार. पण जुनं ते सोनं, हे मी दाखवून दिलं. माझं काळीज म्हणजे जबरदस्त लोहचुंबक. ते सतत थंड ठेवावं लागतं. खोलीचा एसी बंद पडला की माझा जीव कासावीस होतो, पण तेव्हा कुणी लवकर फिरकत नाही. असो.

मुरुम गावच्या लक्ष्मम्मांना तरुणपणापासून अर्धशिशी. उन्हाची तिरीप आली, फोडणीचा वास आला, की अर्धं डोकं फुटायला यायचं. गोळ्यांनी पोट बिघडलं, डोकं मात्र होतं तसंच. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी गाठ शोधली, रक्तस्राव शोधला. तसलं काही नव्हतं. त्यांचे यजमान सिद्रामप्पा बाजारातले आडतदार. अहवालातला 'नॉर्मल' हा शब्द ऐकून त्यांनी भलताच अर्थ लावला. बाईला काही झालेलंच नाही, सगळी कामाची टाळाटाळ, असं ते चारचौघांत सांगू लागले. माझी साक्ष काढून त्या माउलीला खोटं पाडलं, याचा मला भयंकर संताप आला.

पुढं मेंदूच्या डॉक्टर श्रावस्ती यांनी त्यांना पुन्हा बोलावलं. कपाळाला पट्टी लावून भुवईजवळच्या नसेला बारीकशी वीज द्यायची, असा एक उपचार होता. तो सगळ्यांनाच लागू पडत नाही. कुणाला पडेल, याचा अंदाज माझ्या चित्रांवरून बांधता येतो का, हे डॉक्टर तपासत होत्या. सिद्रामप्पांनी आधीच बजावलं होतं, हा शेवटचा प्रयत्न. नंतर घरात डोक्याचं नाव काढायचं नाही.

दाराशी लक्ष्मम्मा अडल्या. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, तिची कडी लोखंडी, आणि लोखंड माझ्याजवळ आणता येत नाही. लिंगायतांत लिंग तर कधीच अंगावेगळं करायचं नसतं.

"जीव गेला तरी काढायची न्हाय," त्या म्हणाल्या.

शेवटी त्यांनीच लिंग डबीतून काढून सुती कापडात बांधलं, तंत्रज्ञ रणधीरनं त्यात लोखंड नसल्याची खात्री केली आणि ते त्यांच्या गळ्यातच राहिलं. डबी तेवढी बाहेर थांबली.

मग मी ठोकठोक सुरू केली. या वेळी गाठ शोधायची नव्हती. दुखणं मेंदूच्या ज्या भागांतून जातं, त्यांचं आपसात किती गुळपीठ आहे, ते पाहायचं होतं. मी जीव ओतून चित्रं काढली.

"काका, मागं गाठ नाही एवढंच कळलं होतं," डॉक्टर सिद्रामप्पांना म्हणाल्या. "दुखत नाही असं यंत्र कुठं म्हणलं? चित्रावरून वाटतंय, काकूंना पट्टीचा गुण येईल. अंदाज आहे, पण चांगला आहे."

सिद्रामप्पांनी पट्टी पिशवीत टाकली.

काही महिन्यांनी दोघं तपासणीला आले. दुखणं पार गेलं नव्हतं, पण आता ते कधीमधीच यायचं. अंदाज खरा ठरला, आणि मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली. पण खरा आनंद पुढंच होता. घरी कसं चाललंय, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा सिद्रामप्पा खाली बघत म्हणाले, "परवा हिचं डोकं उठलं. मीच फोडणी थांबवली, खिडक्या लावल्या."

लक्ष्मम्मांनी पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, माझी निगा राखा, किल्ल्या बाहेर ठेवून आत या. मी अजून पुष्कळ वर्षं काम करीन. पण घरात कुणी डोकं धरून बसलं, तर माझ्या चित्राची वाट पाहू नका. आधी खिडकी लावा.