सोफ्यावरचं कुटुंब

रॉटरडॅमची ती कंपनी गेम खेळायचे कन्सोल बनवायची, आणि ते चीनमध्ये खपवायचं लोढणं हेमचंद्रच्या गळ्यात पडलं होतं. तिथे सरकारने मंजूर केलेले गेम अगदी मोजके. हौशी गिऱ्हाईक हाँगकाँगहून चोरवाटेने आलेला कन्सोल घ्यायचं, बाकीचे फोनवर खेळून मोकळे व्हायचे. उरले आईबाप. हेमचंद्रने त्यांनाच हाताशी धरायचं ठरवलं. त्याच्या जाहिरातीत सोफ्यावर अख्खं कुटुंब बसलेलं असायचं, आजीच्या हातातसुद्धा कंट्रोलर. खेळाने मुलं बिघडत नाहीत, उलट घर जवळ येतं, हे तो इतक्या वेळा बोलला होता की झोपेतही बोलला असता.

शांघायच्या वितरक लिनबाई पुढची ऑर्डर द्यायची की नाही, हे ठरवायला आल्या. त्या नाही म्हणाल्या, तर चीनचा विभाग बंद आणि हेमचंद्रची नोकरीही. अशा वेळी आपल्या माणसाला दुसरं काय सुचणार? त्याने बाईंना बुइटनव्हेल्डर्ट या उपनगरातल्या आपल्या घरी जेवायला बोलावलं.

सुचेताने नवऱ्याच्या नोकरीसाठी पुरी-श्रीखंडाचा घाट घातला. बाईंनी पुऱ्या मागून घेतल्या. हेमचंद्रला वाटलं, जमलं.

जेवण झाल्यावर बाई टीव्हीसमोरच्या सोफ्यावर जाऊन बसल्या. जाहिरातीतला त्यांनी पाहिला होता, आता खरा पाहायचा होता. एक डाव खेळू या का, असं त्यांनी हेमचंद्रच्या लेकीला, इरावतीला, इंग्रजीत विचारलं.

इरावतीनेही इंग्रजीतच सांगितलं, “कन्सोल कपाटात आहे. आईच्या साड्यांखाली. माझी टेस्ट होईपर्यंत तिथेच. किल्ली बाबाकडे असते.”

इथे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी एक परीक्षा होते आणि मूल पुढे कुठल्या शाळेत जाणार, हे ठरवताना तिचा निकाल पाहतात. डच आईबाप म्हणे तिचा फारसा बाऊ करत नाहीत. हेमचंद्रने दिवाळीतच कपाटाला कुलूप घातलं होतं.

सुचेता ताटं उचलायला लागली. कुलपाची कल्पना आपली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. हेमचंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातला तो निघाला होता. लगेच उघडतो म्हणत त्याने घाईघाईने पाकिटातून किल्ली काढली.

लिनबाईंनी हातानेच त्याला थांबवलं.

“परीक्षा कधी आहे?”

“फेब्रुवारीत.”

“मग राहू द्या. आमच्या घरी किल्ली माझ्या आईकडे असते. मला दिली तर मी मुलापुढे विरघळेन, असं तिला वाटतं.”

मग त्या इरावतीशी गणिताबद्दल बोलत बसल्या. कन्सोलचा विषय निघाला नाही. ऑर्डर हातची गेली, हे हेमचंद्रला कळून चुकलं. तरी किल्ली परत पाकिटात ठेवताना त्याला आधी हायसंच वाटलं. नोकरी नंतर आठवली.